पहिल्या दोन रात्री नागपुरात

नागपूर हे उतरण्याचे गाव आहे, राहण्याचे नव्हे, ही समजूत धनिक प्रवाशांच्या आणि त्यांच्या वतीने मुंबई-दिल्लीहून पत्रव्यवहार करणाऱ्या मंडळींच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, सोनेगावच्या विमानतळाबाहेर उभ्या केलेल्या मोटारीत पाहुण्याला बसवावे, वाटेत शक्यतो कोठे थांबू नये, आणि दिवस मावळायच्या आत त्याला ताडोब्याच्या अथवा पेंचच्या काठावरील एखाद्या आलिशान निवासात पोहोचते करावे, एवढीच सरबराई ते आमच्याकडून अपेक्षितात. माझ्या उपजीविकेचा मोठा भाग याच अपेक्षेवर चाललेला आहे. तेव्हा तिची टवाळी करणे मला शोभणार नाही. तथापि धंतोलीतल्या एका माडीवरच्या दप्तरात बसून उमेदीची सारी वर्षे लोकांच्या सहली आखण्यात घालविल्यावर एका बाबतीत मी हट्टी झालो आहे, आणि त्या हट्टापायी काही चांगली गिऱ्हाइके मी गमावलीही आहेत. जंगलात शिरण्यापूर्वी पाहुण्याने निदान दोन रात्री या शहरात काढाव्यात, असा माझा आग्रह असतो.

मी या धंद्यात पडलो तेव्हा अरण्य आणि ऐषाराम यांचा एकमेकांशी काही संबंध असू शकेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. परंतु तेथे मुक्कामाला जाणारा मनुष्य बहुधा वनखात्याचा अधिकारी, त्याचा आप्तेष्ट, नाहीतर पक्ष्यांचे वेड लागलेला एखादा प्राध्यापक असे. विश्रामगृहाची खोली मिळविण्यासाठी खात्याच्या दप्तरी अर्ज द्यावा, मंजुरीचा कागद हाती पडेपर्यंत हेलपाटे घालावेत, तांदूळ, डाळ, तेल, मीठ, घासलेट असा सगळा शिधा येथूनच बांधून न्यावा, आणि तिथला खानसामा जे रांधून वाढील ते कंदिलाच्या उजेडात मुकाट्याने खावे, असा शिरस्ता होता. पुढे १९९५ साली ताडोबा आणि अंधारी मिळून व्याघ्रप्रकल्प झाला, १९९९ मध्ये महाराष्ट्रातील पेंचलाही तो दर्जा लाभला, रस्ते रुंदावले, आणि पाहता पाहता मोहर्ली, कोलारा, तुरिया या गावांच्या शिवारांत अशी निवासस्थाने उभी राहिली की, ज्यांच्या तंबूंना कापडाच्या भिंती असल्या तरी न्हाणीघर संगमरवरी असते, कुटीगणिक स्वतंत्र तरणतलाव असतो, आणि न्याहारीला कोणत्या देशाचे चीज आणवावे अशी आदल्या रात्री विचारणा होते.

या निवासांतील मागण्यांचे टिपण काढू म्हटले तर एक वही पुरणार नाही. कोणाला आपल्या कुत्र्यासह यावयाचे असते, कोणाला पहाटेच्या फेरीनंतर नदीकाठी पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण मांडून हवे असते, कोणाला वाढदिवसाची आतषबाजी हवी असते आणि ती व्याघ्रप्रकल्पाच्या सीमेवर का होऊ शकत नाही हे त्याला तासभर समजावून सांगावे लागते. पैशाने होण्याजोगे जे जे असते ते आम्ही करतो. मात्र जंगलाच्या फाटकाशी हे सारे संपते. तेथे ओळखपत्र तपासले जाते, परवान्यावरील नाव ताडून पाहिले जाते, मोबाइल काढून ठेवावा लागतो, आणि मग कोट्यधीश असो की चिमूरचा शाळामास्तर असो, त्याच ठराविक वेळी, तशाच उघड्या जिप्सीत, तशाच धुळीत सर्वांना आत जावे लागते. कोट्यधीश अख्खी जिप्सी आपल्या एकट्याच्या नावे घेऊ शकतो, शाळामास्तराला ती आणखी पाच जणांत वाटून घ्यावी लागते, एवढाच काय तो फरक. परंतु वाघाला तो कळत नाही. मुंबईच्या एका उद्योगपतींचे कुटुंब सोमवारी रात्री कोलाऱ्याला उतरले आणि मंगळवारी ताडोबा बंद असतो हे कळल्यावर, कोणाच्या हुकमाने हे फाटक उघडते त्याचे नाव आपणांस सांगावे, असे त्यांनी मला अत्यंत सौजन्याने विचारले. असे नाव अस्तित्वात नाही, या उत्तरावर त्यांचा विश्वास बसावयास पुष्कळ वेळ लागला. तो रिकामा मंगळवार त्यांनी अखेर शेजारच्या गावात, एका गाइडच्या अंगणातल्या बाजेवर बसून, चुलीवरची ज्वारीची भाकर आणि वांग्याचे भरीत खाण्यात घालविला. आणि परत गेल्यावर आलेल्या त्यांच्या पत्रात वाघाविषयी एक ओळ होती, भरताविषयी अर्धे पान.

शहराविषयीचा माझा हट्ट सुरू झाला तो २०१२ सालापासून. त्या वर्षीच्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटनाला अंतरिम मनाई केली. पावसाळ्यात गाभा तसाही बंद असल्यामुळे प्रारंभी आम्ही निर्धास्त होतो. परंतु सप्टेंबर सरत आला तरी मनाई उठेना, आणि ऑक्टोबरचे आरक्षण करून बसलेल्या, विमानाची तिकिटे काढलेल्या पाहुण्यांना काय सांगावे हे कोणालाच सुचेना. मनाई ऑक्टोबरच्या मध्यावर उठली खरी. पण त्यापूर्वीचे ते दोन आठवडे आम्हां मंडळींच्या हाती उरले होते फक्त गाभ्याभोवतीचे बफर क्षेत्र आणि हे शहर.

त्या पंधरवड्यात अमेरिकेत स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आले होते. नवराबायको, दहा-अकरा वर्षांचा मुलगा, आणि बरोबर मुलाची आजी, जिचे माहेर नागपूरच्या महाल भागातले. गाभा बंद आहे हे कळताच नवरा खट्टू झाला. मुलाने तर पहिला दिवस खोलीतच काढला. आजींनी मात्र मला बाजूला घेऊन विचारले, “अहो, लहानपणी आमच्या घरी कोष्टी यायचा करवतकाठी लुगडी घेऊन. अजून कोणी विणतं का हो?” विणणारे उरले आहेत, आणि त्यांतल्या एकाचे घर मला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सगळेच तेथे गेले. माग खड्ड्यातला, खोलीत उजेड बेताचा, आणि विणकर वयाने आजींच्या बरोबरीचा. काठ आणि अंगाचे सूत एकमेकांत गुंतवीत करवतीच्या दात्यांसारखी ती नक्षी तो तीन धोट्यांनी कशी उतरवितो, हे त्याने इतक्या सावकाश दाखविले की, मुलगा हळूहळू पुढे सरकत अगदी मागाच्या कडेशी येऊन बसला. म्हाताऱ्याने कोनाड्यातून टसरचा एक कोश काढून त्याच्या तळहातावर ठेवला. कबुतराच्या अंड्याएवढा, राखी-पिवळा, लाकडासारखा टणक, आणि वरच्या टोकाला डहाळीला घट्ट धरून राहिलेला एक लहानसा देठ. हा किडा कोणत्या झाडावर राहतो, असे मुलाने विचारले. “ऐनाच्या,” म्हातारा म्हणाला, “नाहीतर अर्जुनाच्या. तुम्ही जाऊन राह्यले ना जंगलात, तिथंच पाहा जी.”

बफरातल्या फेरीत गाइडने काही दाखविण्याआधीच मुलाने ऐन कोणता ते विचारले. मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीचे ते झाड विदर्भाच्या जंगलात पावलोपावली असते. शेकडो पाहुण्यांना मी त्याच्या सावलीतून नेले होते, आणि वाघाकडे लागलेल्या त्यांच्या नजरेला ते कधी दिसले नव्हते. मुलाने गाडी थांबवायला लावली, आजींनी मान वर करून पानांकडे बराच वेळ पाहिले, आणि गाइड, जो अशा वेळी एरवी उगाच घाई करतो, तोही थांबला आणि आपल्या आजाच्या काळी कोश कसे वेचून आणीत ते सांगू लागला. त्या सहलीत त्यांना वाघ दिसला नाही. माझ्याकडे परत परत आलेल्या मोजक्या कुटुंबांत ते एक आहे.

शहर आधी आणि जंगल नंतर, ही जी माझी मांडणी आहे तिचे कारण हे असे आहे. नागपूर आणि त्याच्या भोवतीचे अरण्य ही दोन निरनिराळी दालने नव्हेतच. देवगडच्या गोंड घराण्यातील बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास लहान लहान वस्त्या एकत्र करून हे नगर वसविले. भोसले आले ते त्यानंतर, आणि सीताबर्डीची १८१७ ची लढाई त्याहून नंतरची. महालात गोंड राजांच्या किल्ल्याचे जे अवशेष आहेत ते पाहून पाहुणा ताडोब्यात गेला, म्हणजे तळ्याकाठच्या तारू देवाचे स्थान त्याला नुसती दंतकथा वाटत नाही. वाघाशी झुंजताना पडलेला हा गोंड गावप्रमुख आजही तेथे पुजला जातो, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरून पडले असे सांगतात. १८६३ साली स्थापन झालेला आमचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, मी पाहुण्यांना सकाळी दाखवितो, दुपारी नव्हे. कारण तिथली आदिवासी जीवनाची दालने आणि शिलालेख यांना ताजे डोळे लागतात. तेथून दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह ज्या जागी बौद्ध धम्म स्वीकारला, तेथील स्तूपाच्या पोकळ घुमटाखाली उभे राहिल्यावर, सर्व काही पाहून कंटाळलेला माणूसही गप्प होतो. येथे मी कधी माहिती सांगत बसत नाही.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मला तडजोडी कराव्या लागतात हे कबूल आहे. सकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहून चण्याच्या तर्रीचे पोहे खावेत, दुपारी गोळाभात किंवा पाटवडी रस्सा असावा, आणि रात्री एकदा तरी सावजीच्या खानावळीत जाऊन हलबा कोष्ट्यांच्या या मसाल्याने डोळ्यांतून पाणी काढावे, हा माझा आदर्श बेत. परंतु पंचतारांकित पोटांचा भरवसा नसतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून ज्याला जंगलात जायचे आहे त्याला सावजी खाऊ घालणे हा निव्वळ अविचार होय. म्हणून सावजी पहिल्या रात्री.

पेंचकडे जाणाऱ्यांसाठी रामटेक वाटेवरच पडते, आणि मनसरच्या फाट्यावरून आत वळायला जे राजी होत नाहीत त्यांच्याविषयी माझे मत फारसे बरे होत नाही. कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे प्रतिपादन नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. विद्वानांचे मतभेद असोत. गडावरच्या केवल-नरसिंहाच्या मंदिरापाशी, वाकाटकांच्या त्या ओबडधोबड पण भक्कम दगडी बांधणीला टेकून, खाली पसरलेली तळी आणि क्षितिजावरची पेंचची निळसर रेघ पाहिली म्हणजे निर्वासित यक्षाने मेघाला निरोप सांगण्यासाठी दुसरी जागा निवडली असेल असे निदान मला तरी वाटत नाही. परदेशी पाहुण्यांना या यक्षापेक्षा मोगली जवळचा असतो. १८९४ च्या ‘द जंगल बुक’मधील सिवनीचे डोंगर ते हेच, म्हणून ते तुरियाला येतात, आणि किपलिंग स्वतः सिवनीच्या जंगलात कधी गेला नव्हता असेच अभ्यासक मानतात, हे ऐकल्यावर काहींचा विरस होतो. एका वयस्क इंग्रज बाईंना मात्र ते फार आवडले. न पाहता एवढे लिहिले, मग पाहून आपण निदान एक बरे पत्र तरी लिहावे, असे म्हणून त्या संध्याकाळभर ओसरीत लिहीत बसल्या.

या धंद्यातले सर्वांत अवघड काम वाटाघाटीचे नसते, पंचांगाचे असते. शहराचा आणि अरण्याचा हंगाम सहसा जुळत नाही. नागपूरचा सर्वांत अस्सल, जगात अन्यत्र कोठे पाहायला न मिळणारा सोहळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत. काळी आणि पिवळी अशा त्या दोन अजस्र प्रतिमा, १८८० च्या दशकापासून, रोगराई आणि ईडापीडा बरोबर घेऊन जाण्यासाठी इतवारीच्या गल्ल्यांतून मिरवीत नेल्या जातात, आणि त्यांच्या मागून चालू घडामोडींवर टीका करणारे बडगे नावाचे पुतळे निघतात. त्याच दिवशी पोरेसोरे लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करीत असतात. पण हे सारे श्रावण-भाद्रपदाच्या सांध्यावर, जेव्हा जुलैपासून सप्टेंबरअखेर जंगलाचा गाभा बंद असतो. दसऱ्याला जंगल नुकतेच उघडलेले असते, तर दीक्षाभूमीवर देशभरातून जनसागर लोटलेला, आणि शहरात खोली मिळणे दुरापास्त. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येते. १९५३ च्या नागपूर करारापासून चालत आलेल्या या व्यवस्थेमुळे तेवढ्या काळात मंत्री, आमदार, सचिव, वार्ताहर आणि मोर्चेकरी यांनी हॉटेले व्यापून टाकलेली असतात; आणि त्याच सुमाराचे जंगलाचे परवानेही कित्येक महिने आधी संपलेले असतात. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर वाघ हमखास येतो, परंतु पारा पंचेचाळिशीपार गेलेल्या शहरात पाहुण्याला घेऊन दुपारी कोठे हिंडणार? उरतो तो फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध, पळस पेटलेला आणि मोहाची फुले पडू लागण्याच्या बेतातला. तरीही जो मला मोकळीक देतो, त्याला मी एकदा तरी मारबतीला बोलावतो. वाघ नंतर पाहावा, बफर पावसाळ्यातही उघडे असते.

आता एकांताविषयी. याच वस्तूसाठी लोक सर्वाधिक मोल देतात, आणि तीच हाती आल्यावर पुष्कळांना सोसत नाही. निवृत्त झालेल्या एका बड्या अधिकाऱ्यांनी नकाशावरचे सर्वांत दूरचे मचाण-निवास मागून घेतले आणि पहिल्याच रात्री दोन वाजता निरोप धाडला की, येथे काही ऐकू येत नाही, खोली बदलून द्यावी. ते विमानतळावरून सरळ जंगलात गेले होते. डोक्यात दिल्लीच्या बैठका होत्या, आणि बैठका उतरल्यावर तेथे ठेवण्याजोगे दुसरे काहीच त्यांनी बरोबर आणले नव्हते. याउलट, ज्याने आदल्या दिवशी माग पाहिला, रामटेक चढला, इतवारीत पायपीट केली, त्याच्याजवळ रात्री अंथरुणावर पडून मनात घोळविण्याजोगे काही असते, आणि तो झोपतोही लौकर.

काळोखाचेही तसेच. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आकाश काळे राहावे म्हणून आसपासच्या खेड्यांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचा झोत जमिनीकडे वळविण्यात आला. खेड्यातल्या माणसांनी हे मानले. निवासात उतरलेले पाहुणे मात्र हिरवळीवर रोषणाई का नाही म्हणून तक्रार करतात. ती तक्रार मी नम्रपणे ऐकून घेतो, आणि रात्री जेवणानंतर त्यांना दिव्यांपासून दूर एका शेताच्या बांधावर नेऊन पाऊण तास काही न बोलता उभे करतो. बहुतेकांची तक्रार तेथेच संपते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे लिहिणे प्रामाणिक होणार नाही. निवासाच्या कुंपणापलीकडे, ज्या रानात आम्ही वाघ दाखवायला नेतो त्याच रानाच्या कडेने, बायाबापड्या पहाटे मोहफुले वेचायला आणि उन्हाळ्यात तेंदूपाने तोडायला जातात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी त्यांच्यातली काही माणसे परत येत नाहीत. मे महिन्यात गावची विहीर आटलेली असताना पाहुण्याच्या टबात गरम पाणी भरले जाते, हेही मी पाहिले आहे. या निवासांमुळे मोहर्ली-कोलाऱ्याच्या पोरांना, आणि आता पोरींनाही, गाइड म्हणून, चालक म्हणून गावातच रोजगार मिळाला, हे खरे. मी ते अभिमानाने सांगतोही. पण एका पारड्यातले दुसऱ्यात टाकून हिशेब बरोबर झाला असे मला म्हणवत नाही. म्हणून पाहुण्याने विचारले नाही तरी मी हे त्याला सांगतो, आणि ज्या निवासात विहीर गावाला वापरू देतात तोच शक्यतो सुचवितो.

राहता राहिला वाघ. त्याची हमी मागणाऱ्या पत्राला मी एका ओळीचे उत्तर पाठवितो की, ही हमी आमच्या अखत्यारीत नाही. माझ्या माहितीतला सर्वांत जाणता गाइड याहून चांगले करतो. तो गाडी थांबवतो, इंजिन बंद करायला लावतो, आणि हळूच म्हणतो, “थांबा जी जरा. वानर बोलून राह्यलं.” मग सांबराची हाक, मग शांतता, आणि पाहुणा आयुष्यात प्रथमच कानांनी पाहू लागतो. वाघ पुढे निघतो किंवा निघत नाही.

नागपूरकर वाचकांना एक विनंती आहे. बाहेरगावचा पाहुणा घरी उतरला आणि इथे पाहण्यासारखे काय आहे असे त्याने विचारले, की आपण हात झटकून “काही नाही जी, संत्री आणि ऊन” असे म्हणतो, ते आता थांबवावे. आणि ज्यांना यायचे आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: मंगळवारी उतरावे, बुधवार सबंध शहराला द्यावा, गुरुवारी सकाळी उमरेड-चिमूरच्या रस्त्याने निघून दुपारच्या फेरीला कोलाऱ्याचे फाटक गाठावे, आणि रविवारपर्यंत तेथे राहावे. अजब बंगला सोमवारी बंद असतो, आणि ताडोबा मंगळवारी.